'शुभ दिवस' नावाचा सोटा

गदा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तालमीतला मारुती उभा राहतो. लढाईचे शस्त्र म्हणून तिचा विचार आपण सहसा करीत नाही. तलवार घडविता येत नव्हती तेव्हाचे ते काहीतरी जाडेभरडे साधन असावे, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु मध्ययुगीन युरोपात तलवार पुष्कळ सुधारलेली असतानाच सोट्यालाही मान मिळाला, आणि तो चिलखतामुळे मिळाला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सरदार रणात उतरे तो अंगात जाड भरणीचा अंगरखा, त्यावर हजारो लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले चिलखत आणि डोक्याला शिरस्त्राण घालून. या कड्यांवरून तलवारीची धार घसरून जाई. पण कड्यांचे हे जाळे कापले जात नसले तरी कापडासारखे लवते. वजनदार सोटा बसला की कडी शाबूत राहते आणि आतले हाड मोडते. शिरस्त्राणाला नुसता पोचा आला, तरी आतला माणूस भोवंडतो. घोड्यावर भोवंडलेला माणूस खाली येतो आणि मग त्याचे सरदारपण फारसे उपयोगी पडत नाही.

हे पुरते दिसले ते 11 जुलै 1302 रोजी, फ्लँडर्समधील कोर्त्रेक गावाबाहेर. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने हा प्रांत गिळला होता. 18 मे रोजी ब्रूजच्या लोकांनी पहाटे उठून तेथील फ्रेंचांची कत्तल केली, आणि त्यांना शासन करण्यासाठी आर्त्वाचा रॉबेर सरदारांची फौज घेऊन आला. समोर कोण, तर विणकर, लोकर कुटणारे, खाटीक! पाठीशी लिस नदी असल्यामुळे पळायला वाट नाही.

या लोकांच्या हाती दोन शस्त्रे होती. एक लांब भाला आणि दुसरे 'खूदेनदाख'. हा सुमारे पुरुषभर उंचीचा जाड सोटा असून त्याच्या वरच्या टोकाला लोखंडी कडे आणि टोकदार खिळा असे. फ्लँडर्समध्ये स्वतः लढलेला फ्रेंच कवी गियार या शब्दाचा अर्थ 'शुभ दिवस' असा देतो. विणकरांची थट्टा करण्याची ही तऱ्हा मला तरी मोठी झणझणीत वाटते.

भाल्यांची बुडे जमिनीत रोवलेली, आणि मधून मधून सोटेवाले. पुढे ओढे आणि चर असल्याने घोड्यांना पुरती दौड घेता आली नाही. भाल्याने घोडा अडवावा, सोट्याने स्वार पाडावा, आणि पडलेल्याला खिळ्याने गाठावे, असा क्रम होता. एरवी सरदार शरण येई, खंडणी भरून घरी जाई. येथे मात्र लढाई संपेपर्यंत कैदी धरू नये, लूट करू नये, असा सक्त हुकूम होता. रॉबेर स्वतः मारला गेला. मेलेल्या सरदारांच्या सोनेरी टाचा गोळा करून गावच्या देवळात टांगल्या. त्यावरूनच या लढाईचे नाव पडले.

सोटा अजिंक्य होता असे मात्र समजू नये. 1328 मध्ये कासेलला आणि 1382 मध्ये रूझबेकला हेच फ्लँडर्सकर फ्रेंचांकडून सपाटून हरले. दरम्यान चिलखतावर पोलादी पत्रे चढत गेले. गोलसर पत्र्यावरून आघातही निसटू लागला. तेव्हा आघात एका ठिकाणी रुतावा म्हणून गदेला कंगोरे आले आणि हातोड्याला मागे चोच आली.

रूझबेकनंतर फ्रेंचांनी कोर्त्रेक जाळले आणि देवळातल्या त्या टाचा उतरवून नेल्या.