कल्याणचा इराणी बिशप

अंबरनाथच्या शिवालयावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. शेजारचें उल्हासनगर हें नांव तर अगदीं अलीकडचें; सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या 'कल्याण कँपा'स तें १९४९ सालीं मिळालें. परंतु बदलापुरावरून वाहत येणारी उल्हास नदी ज्या कल्याणापाशीं खाडीचें रूप घेते, तें बंदर या दोहोंहून पुष्कळ जुनें. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे रहिवासी होते. इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस यानें लिहून ठेविलें आहे कीं, 'कल्लियाना' येथें इराणहून नेमलेला एक बिशप असतो. बहुतेक अभ्यासकांच्या मतें तें हेंच कल्याण. बिशप इराणहूनच कां यावा? याचें उत्तर एका जुन्या वादांत आहे.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हें ख्रिस्ती धर्माचें सूत्र. पण तीन आणि एक यांचा मेळ कसा घालावयाचा? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरु एरियस म्हणे, पुत्र हा पित्यानें निर्मिलेला, म्हणून त्याच्या बरोबरीचा नव्हे. इ. स. ३२५ मध्यें नायसियाच्या परिषदेनें हें मत पाखंड ठरविलें. तरीहि सम्राट कॉन्स्टँटियसनें इ. स. ३५६ च्या सुमारास येमेनकडे जो थिओफिलस 'हिंदी' पाठविला, तो एरियसपंथीच होता.

पुत्र पूर्ण देव ठरला. मग मेरीच्या उदरीं जन्मलेल्या मनुष्याचें काय? कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस म्हणे, मेरीला 'देवमाता' न म्हणतां 'ख्रिस्तमाता' म्हणावें. इ. स. ४३१ मध्यें इफेससच्या परिषदेनें त्याला पदच्युत केलें. पुढें तो इजिप्तमध्यें हद्दपारींत वारला. इ. स. ४८९ मध्यें सम्राट झेनोनें एडेसाची धर्मशाळा बंद केली, तेव्हां तेथील अध्यापक इराणी हद्दींतील निसिबिसला गेले. रोमच्या सम्राटाची आज्ञा न मानणारा धर्मसंघ इराणच्या राजांना सोयीचाच होता. सीमेच्या एका बाजूस जें पाखंड, तेंच दुसऱ्या बाजूस सनातन मत झालें.

कल्याणहून तांबें, इमारती लांकूड आणि कापड परदेशीं जात असे. इराणी आखाताशीं चालणाऱ्या या व्यापाराच्या वाटेनेंच बिशपहि आला असावा. त्याचें नांव कॉस्मसनें दिलेलें नाहीं. कल्याणच्या उपासकांपुढें आलें तें पाखंड म्हणून नव्हे, धर्म म्हणूनच. मात्र तो शिक्का पुसला गेला नाहीं. चौदाव्या शतकांत फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक ठाण्यास आला, तेव्हां तेथें त्याला नेस्टोरियन लोकांचीं पंधरा घरें आढळलीं. त्याच्याच पंथाच्या धर्मोपदेशकांना १३२१ सालीं याच लोकांनीं आसरा दिला होता. ओडोरिकनें मात्र त्यांची नोंद पाखंडी म्हणूनच केली.

नेस्टोरियसनें केलेलें स्वतःचें समर्थन सीरियाक भाषांतराच्या रूपानें टिकून होतें. तें १९१० सालीं छापलें गेलें. तें वाचून अनेक विद्वानांना वाटूं लागलें कीं, त्याच्यावर लादलेलें मत त्याचें नव्हतेंच. अखेर ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं पोप आणि पूर्वेकडील त्या प्राचीन धर्मसंघाचे प्रमुख यांनीं ख्रिस्ताविषयींची आपली श्रद्धा एकच असल्याच्या घोषणेवर सह्या केल्या. 'देवमाता' आणि 'ख्रिस्तमाता' हे दोन्ही शब्द त्यांत ग्राह्य मानले गेले. इफेससच्या निर्णयास तोंवर १५६३ वर्षें लोटलीं होतीं. कल्याणच्या बिशपाला आणि ठाण्याच्या त्या पंधरा घरांना हा निर्वाळा ऐकावयास मिळाला नाहीं.