कच्च्या ध्वनीवरील संस्कार

स्वयंपाकघरांत 'कच्चें' हा दोष समजला जातो. पाश्चात्त्य संगीताच्या एका शाखेंत मात्र हाच शब्द बिरुदासारखा मिरवला जातो. पंक ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या शाखेचे अभिमानी म्हणतात कीं, वादकांनीं जें वाजविलें तें यंत्राचे संस्कार न होतां जसेंच्या तसें श्रोत्यांच्या कानीं पडावें. मागणी रास्त दिसते. परंतु 'जसेंच्या तसें' म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न जुने कागद वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना जितका छळतो, तितकाच तो ध्वनिमुद्रण करणारांनाहि छळतो. 'द स्टूजेस' ह्या अमेरिकन वादकसंघाच्या 'रॉ पॉवर' ह्या तबकडीची हकीकत ह्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. 'कच्चें बळ' हें तर तिचें नांवच!

हा संघ मिशिगन संस्थानांतील अ‍ॅन आर्बरचा. पंक हें नांव रूढ होण्यापूर्वींचा, परंतु पुढील पंकवाल्यांनीं आद्य मानलेला. १९७२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यानें लंडनच्या सीबीएस स्टुडिओंत आठ गाणीं मुद्रित केलीं. ध्वनिफीत चोवीस पट्ट्यांची होती; म्हणजे प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्ट्यावर ठेवण्याची तींत सोय होती. मागाहून हे पट्टे एकत्र करतांना कोणतें वाद्य पुढें आणावें, कोणतें मागें सारावें, कोणास प्रतिध्वनि द्यावा हें ठरविणें, ह्याला मिश्रण म्हणतात. गायक इगी पॉप ह्यानें पहिलें मिश्रण स्वतःच केलें, आणि बहुतेक वाद्यें एका बाजूला व आपला आवाज दुसऱ्या बाजूला ठेवला. कंपनीला तें पसंत पडलें नाहीं. तेव्हां डेव्हिड बोवी ह्याला बोलावण्यांत आलें, व त्यानें लॉस एंजेलिस येथें एका दिवसांत काम उरकलें.

बोवी पुढें सांगत असे कीं, चोवीसपैकीं तीनच पट्टे वापरलेले होते: एकावर सारा वाद्यमेळ, दुसऱ्यावर मुख्य गिटार, तिसऱ्यावर गायन. हें खरें असेल तर त्याचे हात बांधलेलेच होते. दुधांत विरघळलेली साखर निराळी काढतां येत नाहीं. त्यानें गायन व गिटार वर उचललें, गिटारला ठिकठिकाणीं प्रतिध्वनीची जोड दिली, आणि बाकीचें बहुतेक तसेंच राहूं दिलें. १९७३ सालीं तबकडी निघाली ती किरटी. ढोल व बॅस गिटार जणूं शेजारच्या खोलींत वाजत आहेत. तरीहि लंडनचा एक तरुण, पुढें 'सेक्स पिस्टल्स'मध्यें गाजलेला स्टीव्ह जोन्स, तिच्याच साथीनें वाजवून आपला हात बसवीत होता.

चोवीस वर्षांनीं, १९९७ मध्यें, इगी पॉपनें तीच गाणीं नव्यानें मिसळलीं. ह्या खेपेस ढोल व बॅस चांगलेच पुढें आले. त्यामुळें बोवीची तीन पट्ट्यांची आठवण जपूनच घ्यावी लागते. (साक्षीदार खोटें बोलत नसला तरी विसरतो, हा अनुभव आम्हांला नवा नाहीं.) परंतु इगी तेवढ्यावर थांबला नाहीं. ध्वनीच्या लाटेचा माथा यंत्राच्या मर्यादेवर गेला म्हणजे सपाट कापला जातो आणि खरखर उत्पन्न होते. तीव्र व मंद यांतील अंतर दाबलें म्हणजे सारेंच एका उंचीवर येतें. त्यानें हें दोन्ही हेतुपुरस्सर होऊं दिलें. म्हणजे कच्चेपणाच्या नांवाखालीं ध्वनीवर सर्वांत जड संस्कार झाला तो ह्या आवृत्तींत!

आतां खरें 'रॉ पॉवर' कोणतें? गायकाचाच निर्णय अखेरचा मानावा, तर त्याचे सोबती गिटारवादक जेम्स विल्यमसन व बॅसवादक रॉन अ‍ॅशटन ह्यांनीं जुन्या मिश्रणालाच कौल दिला. आमचाहि कल तिकडेच आहे. मात्र बोवीचें मिश्रण म्हणजे मूळ संहिता, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याचा संयम तत्त्वांतून आला कीं वेळेच्या टंचाईंतून, हें सांगणें कठीण. ज्या 'सेक्स पिस्टल्स'ची १९७७ ची तबकडी कच्चेपणाचा आदर्श समजतात, तींतहि जोन्सनें गिटारचे थरावर थर चढविलेले आहेत, हेंहि विसरतां येत नाहीं.

आम्हीं दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या. 'गिमी डेंजर' ह्या गाण्याचा आरंभ साध्या गिटारनें हळुवार होतो, आणि पुढें वादळ उठतें. जुन्या तबकडींत तें वादळ येत आहे हें जाणवतें. नव्या आवृत्तींत तें आधींच दारांत उभें असतें. २०१० सालीं कंपनीनें बोवीचें मिश्रण पुन्हा प्रसिद्ध केलें.