पुरंदरावरचे बाळंतपण आणि रक्ताची साक्ष

पेशवाईचा इतिहास शोधावयास नाशिककरांना पुण्यास जावे लागत नाही. गंगेच्या वरच्या अंगाला दोन गावे आहेत. एक गंगापूर. तेथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. दुसरे अलीकडचे आनंदवली. तेथे राघोबादादांचा वाडा होता, आणि आनंदीबाईंची अखेरची वर्षे तेथेच गेली. सासू गंगापुरास आणि धाकटी जाऊ आनंदवलीस, अशा या दोन घरांमध्ये एक प्रश्न उभा होता: १७७४ साली पुरंदरावर जन्मलेले मूल कोणाचे?

हकीकत आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. ('ध'चा 'मा' आनंदीबाईंनीच केला हे नाटकांनी पक्के करून टाकले आहे, इतिहासाला तितकी खात्री नाही.) पेशवेपद चुलत्याकडे, म्हणजे राघोबादादांकडे गेले. पण नारायणरावांची तरुण विधवा गंगाबाई गरोदर होती. दादा मोहिमेवर निघताच नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके प्रभृती बारभाईंनी १७७४च्या जानेवारीत तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले. १८ एप्रिलला मुलगा झाला. तेच सवाई माधवराव. पुढच्याच महिन्यात त्या तान्ह्या मुलाच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली.

दादांच्या पक्षाने हाकाटी केली की मूल खरे नव्हे. गडावर गंगाबाईबरोबर आणखी काही गरोदर ब्राह्मण स्त्रिया नेल्या होत्या, मुलगी झाली तर बदलून मुलगा ठेवता यावा, अशी वदंता उठली. ग्रँट डफने ती आपल्या इतिहासात नोंदली, आणि त्या स्त्रिया बाळाला दूध पाजण्यासाठी आणल्या होत्या असे दिलेले कारणही नोंदले. या वदंतांचे शिंतोडे गंगाबाईवर उडाले. तिची स्वतःची साक्ष मात्र कोणी विचारली नाही. १७७५ साली सुरतेस इंग्रजांनी दादांशी तह केला, तेव्हा दादांचा हक्क खरा धरण्यास ही शंका त्यांना सोयीची होती.

आता थोडा हिशेब करू. खुनापासून जन्मापर्यंत २३१ दिवस होतात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सामान्यतः २६६ दिवस लागतात. मूल पुऱ्या दिवसांचे असेल तर गर्भ खुनाच्या सुमारे ३५ दिवस आधीचा ठरतो, म्हणजे पती हयात असतानाचा. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने पतीच्या मृत्यूनंतर २८० दिवसांच्या आत झालेले मूल त्याचेच मानले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या साक्ष्य कायद्यानेही तो नियम ठेवला आहे. या मापाने सवाई माधवरावांना तब्बल ४९ दिवसांची सवड उरते. अर्थात हिशेबाने गर्भाची शंका फिटते, मूल बदलल्याची फिटत नाही.

ती फेडण्याचे साधन आज आहे. डेनिस लो या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९७ साली दाखवून दिले की, गर्भवतीच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे सुटे तुकडे तरंगत असतात. ते मुख्यतः वारेतून येतात, आणि प्रसूतीनंतर थोड्याच काळात नाहीसे होतात. पूर्वी गर्भजलासाठी पोटात सुई घालावी लागे, आणि तीत गर्भपाताचा थोडा धोका असे. आता आईच्या दंडातले रक्त आणि संशयित पित्याच्या गालाच्या आतून पुसून घेतलेला बोळा, एवढ्यावर काम भागते. गर्भात जे आईचे नाही ते त्या पुरुषाचे आहे की नाही, हे ताडून पाहतात. प्रसूतीनंतर बाळाचाही तसाच बोळा घेतला की अदलाबदल झाली की काय तेही कळते.

पण नारायणराव तर चितेवर गेले होते. मग बोळा कोणाचा घ्यावयाचा? येथे मोठी मौज आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. नानासाहेब आणि राघोबा सख्खे भाऊ. म्हणून नारायणरावांचे आणि दादांचे वाय गुणसूत्र एकच. पुरंदरावरच्या मुलाविरुद्ध बोलणाऱ्या दादांचेच रक्त त्या मुलाचा सर्वांत भक्कम साक्षीदार ठरले असते! या पुराव्याने घराणे कळते, नेमका बाप कळत नाही, हे खरे. ती उणीव गंगापूरच्या आजीच्या नमुन्याने बरीच भरून निघाली असती.

लोंनी आईच्या रक्तात शोधले तेही हेच वाय गुणसूत्र. ते सापडले तर गर्भ मुलाचा. म्हणजे बारभाईंना जिवापाड हवे असलेले उत्तर त्याच थेंबात होते, आणि नेमके तेच उत्तर आज आपला कायदा देऊ देत नाही. गर्भलिंग परीक्षेवर पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली तो देशाचा झाला. त्यात गर्भाची परीक्षा ज्या कारणांसाठी करता येते ती सारी आजारांची आणि व्यंगांची आहेत, पितृत्वाचा शोध त्यांत नाही. हे आम्हांस योग्य वाटते. जन्मानंतरही सर्वोच्च न्यायालय अशी परीक्षा मागितली की लगेच देत नाही. १९९३ साली त्याने तसे बजावले आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्याच एका दाम्पत्याच्या खटल्यात पुन्हा नकार दिला. मोठ्यांच्या भांडणात मुलाचे कूळ पणाला लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

आणि परीक्षा झाली असती तरी दादा ऐकते काय? आम्हांस शंका आहे. त्यांना गादी हवी होती. गोपिकाबाईंनी मात्र कोणत्याही परीक्षेवाचून नातू आपला मानला. त्याला लिहिलेले त्यांचे उपदेशाचे पत्र प्रसिद्ध आहे. गंगाबाई १७७७ सालीच वारली. १७८२च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनीही सवाई माधवरावांनाच पेशवे मानले, आणि पुढच्या वर्षी कोपरगावी दादांचा अंत झाला. तेव्हा आनंदीबाई गरोदर होत्या. १७८४ साली चिमाजीअप्पा जन्मले, तेही बापाच्या पाठीमागे. त्यांच्या जन्माचा वाद माजला नाही. त्या वेळी गादीवर दुसरा होता.

१७९५ साली सवाई माधवराव निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी कारभाऱ्यांनी याच चिमाजीअप्पांना यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन काही काळ पेशवे केले. ज्या मुलाचा जन्म दादांनी नाकारला, त्याचाच पुत्र म्हणून दादांचा मुलगा गादीवर बसला.