12 ऑक्टोबर 1946 : इटलीचे तात्पुरते राष्ट्रगीत

राजेशाही जूनमध्येच मोडीत निघालेली. आता सैन्याच्या शपथविधीला वाजवायचे काय? इटलीच्या मंत्रिमंडळाने या दिवशी गोफ्रेदो मामेलीचे 1847चे गीत तात्पुरते म्हणून निवडले. चाल मिकेले नोव्हारोची. हे ‘तात्पुरते’ 71 वर्षे चालले! कायद्याचे शिक्कामोर्तब झाले ते थेट डिसेंबर 2017मध्ये. सरकारी काम, दुसरे काय. कवी मामेली रोमच्या लढाईतल्या जखमेने 1849मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी गेला. तो इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचा अनुयायी. मराठी वाचकाला मॅझिनी ठाऊक झाला तो मुख्यतः सावरकरांच्या 1907च्या पुस्तकामुळे. मॅझिनी गिटारही उत्तम वाजवी. त्याची गिटार आजही जेनोआत, त्याच्या जन्मघरातल्या संग्रहालयात पाहायला मिळते.