लहान मुलांच्या औषधाचा डोस: मोबाईलवर दिसणारे ‘5 एमएल’ तुमच्या बाटलीला का लागू होत नाहीत?

रात्री अकरा वाजता घरातल्या छोट्याला ताप भरतो, डॉक्टरांचा फोन लागत नाही, आणि मग तुमच्याकडे बघून कुणीतरी म्हणतं, “अरे, जरा मोबाईलवर बघ ना, किती द्यायचं ते.” तुम्ही सर्च करता, एक डोस कॅल्क्युलेटर उघडतो, त्यात वजन 11 किलो टाकता आणि उत्तर येतं: 5 एमएल. उत्तर बरोबर असतं, फक्त ते तुमच्या हातातल्या बाटलीसाठी नसतं.

असं का, ते आधी बघू. अमेरिकेत लहान मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपची स्ट्रेंग्थ साधारण एकच असते, 5 एमएलमध्ये 160 मिलीग्रॅम. तिकडच्या साइट्स आणि ॲप्स हेच गृहीत धरून एमएल सांगतात. आपल्याकडे मेडिकलमध्ये 5 एमएलमध्ये 120 मिलीग्रॅमचं सिरप मिळतं, 250 चंही मिळतं, आणि ड्रॉप्समध्ये तर एका एमएललाच 100 मिलीग्रॅम असतात. म्हणजे तेच ‘5 एमएल’ पहिल्या बाटलीतून 120, दुसरीतून 250 आणि ड्रॉप्समधून थेट 500 मिलीग्रॅम होतात! 11 किलोच्या मुलाला एका वेळी साधारण 110 ते 165 मिलीग्रॅम लागतात (किलोमागे 10 ते 15). आता तुम्हीच हिशेब करा. अमेरिकेतही पूर्वी बाळांसाठी वेगळे, जास्त कडक ड्रॉप्स मिळायचे. याच गोंधळामुळे 2011 मध्ये कंपन्यांनी ते बंद करून एकच स्ट्रेंग्थ ठेवायचं ठरवलं.

थोडक्यात, एमएल म्हणजे फक्त माप. खरा डोस मिलीग्रॅममध्ये असतो, आणि तो मुलाच्या वजनावर ठरतो.

मग मोठ्यांची गोळी अर्धी करून दिली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. यासाठी एक जुनं सूत्रही होतं, यंगचा नियम: मुलाचं वय भागिले वय अधिक 12, आणि गुणिले मोठ्यांचा डोस. 3 वर्षांच्या मुलासाठी 3 भागिले 15, म्हणजे एक पंचमांश. 500 च्या गोळीचे झाले 100 मिलीग्रॅम. पण ते मूल 14 किलोचं असेल तर वजनाच्या हिशेबाने 140 ते 210 हवेत. ताप उतरणार नाही, आणि मग घरचे दोन तासांतच दुसरा डोस देणार. खरा धोका तिथे सुरू होतो. कारण हे औषध दोन डोसमध्ये किमान 4 ते 6 तास ठेवूनच द्यायचं असतं.

सूत्र चुकतं, कारण मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी कॉपी नव्हे. नवजात बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. त्यामुळे मोठ्यांच्या पोटात नष्ट होणारं पेनिसिलिन जी बाळाच्या पोटात बरंचसं टिकतं आणि जास्त शोषलं जातं. पोट रिकामं व्हायलाही पहिले काही महिने वेळ लागतो, म्हणून बरीच औषधं रक्तात उशिरा पोचतात. त्वचेचं उलट आहे. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा पसरलेली जास्त आणि नाजूकही, त्यामुळे लावलेलं मलम जास्त आत जातं. स्टिरॉइडची क्रीम डायपरखाली लावू नका, आणि 2 वर्षांखालच्या मुलाला कापूर असलेला बामही लावू नका, असं सांगतात ते यामुळेच. (आजीला हे पटवणं तुमच्यावर सोडतो.)

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटतो. कॅफिन, म्हणजे कॉफीतलंच, मोठ्या माणसाच्या रक्तातून साधारण 5 तासांत निम्मं होतं. नवजात बाळात त्याला सुमारे 100 तास लागू शकतात! वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास नीट चालावा म्हणून डॉक्टर कॅफिन देतात, आणि ते दिवसातून एकदाच पुरतं. बाळाचं यकृत अजून तयार होत असतं, किडनीलाही पूर्ण ताकद यायला साधारण वर्ष लागतं. 1950 च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना दिलं गेलं. त्यांच्या यकृताला ते निकामी करता आलं नाही, बाळं राखाडी पडली, काही दगावली. वैद्यकात त्याला ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ म्हणतात.

पण लहान शरीर म्हणजे नेहमी हळू, असंही नाही हां. दम्याचं थिओफिलिन घ्या. 1 ते 9 वर्षांची मुलं ते मोठ्यांपेक्षा वेगाने संपवतात, म्हणून त्यांना किलोमागे जास्त लागतं. प्रत्येक औषधाचा हिशेब असा वेगळा असतो. सगळ्या औषधांना चालेल असं एक सूत्र कुठल्याच ॲपमध्ये नाही.

मोबाईल वापरायचाच असेल तर

आधी बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि झूम करा, कारण अक्षरं भयंकर बारीक असतात. ‘प्रत्येक 5 एमएलमध्ये’ लिहिलंय की ‘प्रत्येक एमएलमध्ये’, ते वाचा. हा फोटो आणि मुलाचं आत्ताचं वजन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला पाठवलं, तर ते पटकन नेमकं सांगू शकतात. दिलेल्या डोसची वेळ नोट्समध्ये लिहा, म्हणजे आईने दिल्यावर बाबा परत देणार नाहीत. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सिरिंज वापरा.

सर्दीच्या सिरपची बाटली दिसली तर त्यातही पॅरासिटामॉल आहे का ते बघा. असेल तर तापाचं औषध वेगळं दिल्यावर डोस डबल होतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना लेबलवर छापायला आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलंय. आणि बाळ 3 महिन्यांपेक्षा लहान असेल, तर सर्च करत बसू नका, तापात थेट डॉक्टरकडे न्या.

डोस जास्त गेल्याची शंका आली, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये पहिल्या दिवशी मूल अगदी ठीक दिसू शकतं, यकृतावरचा परिणाम नंतर कळतो. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या 8 तासांत सुरू केला तर सर्वात चांगला चालतो. हॉस्पिटलला निघताना बाटली सोबत घ्या.