देव, देवता आणि स्पर्श : वऱ्हाडातील एक तौलनिक विचार

अमरावती-अकोला भागातील विहारांतून सुत्तवाचन चालते, तेव्हा जिज्ञासू उपासक एक प्रश्न हटकून विचारतात. दीघनिकायात पानोपानी देव भेटतात. ब्रह्मा येतो, सक्क म्हणजे इंद्र येतो, चार महाराज येतात. मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा आरंभच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याने व्हावा, हे कसे? प्रश्न गैर नाही. त्याला 'ती सारी मागाहूनची भर' असे तुटक उत्तर देणे मात्र आम्हांस योग्य वाटत नाही. या प्रश्नाची उकल शब्दाच्या अर्थापासून करावी लागते आणि तिला वऱ्हाडच्याच इतिहासातून मोठे साह्य मिळते.

मराठीत 'देव' म्हटले की ज्याला शरण जावे, नवस बोलावा, ज्याच्या कोपाचे भय धरावे असे कोणी तरी डोळ्यांपुढे येते. देव्हाऱ्यातील टाक, गावशिवेवरचे दैवत, कुळाची देवी ही सारी या अर्थाने देव होत. पाली 'देव' शब्दाला हा अर्थ चिकटलेला नाही. तेथे देव ही प्राण्यांची एक गती आहे. इतिवुत्तकात देवलोकातून च्युत होणाऱ्या देवाची पाच पूर्वचिन्हे सांगितली आहेत : माळा कोमेजतात, वस्त्रे मळतात, काखेतून घाम सुटतो, कांती उतरते आणि स्वतःच्या आसनावर मन रमेनासे होते. अशा देवाला इतर देव सुगतीची शुभेच्छा देतात, आणि ती सुगती कोणती, तर मनुष्यजन्म!

केवट्टसुत्तात तर याहून मौजेचा प्रसंग आहे. चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात, हे विचारीत एक भिक्खू एकेक देवलोक ओलांडीत महाब्रह्म्यापर्यंत पोहोचतो. महाब्रह्मा आपण कर्ता, निर्माता, सर्वांचा पिता असल्याचे वारंवार सांगतो. पण भिक्खू हटत नाही, तेव्हा त्याला हाताला धरून बाजूला नेतो आणि कबूल करतो की मलाही हे ठाऊक नाही, या देवांसमोर तसे म्हणता आले नाही एवढेच. येथे महाब्रह्म्याचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्याचा अधिकार काढून घेतला आहे. प्रतिज्ञेने नाकारला तो हाच अधिकार, असे आम्ही समजतो. म्हणून सुत्त आणि प्रतिज्ञा यांत विरोध पाहणे म्हणजे मराठी 'देव' पालीवर लादणे होय.

आता वऱ्हाडकडे वळू. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे परमश्रेष्ठ स्थान. श्रीचक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, येथलेच. चक्रधरांच्या वचनांचा केसोबासांनी सिद्ध केलेला सूत्रपाठ हा या पंथाच्या तत्त्वज्ञानाचा आधार आहे. त्यात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार भिन्न व अनादी पदार्थ मानले आहेत. देवतांची संख्या एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा! परंतु त्या सर्व नित्यबद्ध. आपापले मर्यादित फल त्या देतात, मोक्ष देऊ शकत नाहीत. फल भोगून सरले की जीव परत फिरतो. मोक्ष देणारा नित्यमुक्त परमेश्वर तेवढा एक. म्हणून उपदेश घेतलेला महानुभाव अन्य देवतांची उपासना करीत नाही.

स्वर्गफल संपते हा विचार वैदिक परंपरेला अपरिचित होता, असे मात्र कोणी समजू नये. गीतेच्या नवव्या अध्यायात तो स्पष्ट आहे. फरक एवढाच की तेथे तो विचार देवतापूजेच्या व्यवहाराला धक्का लावीत नाही. रिद्धपूरच्या विचाराने तो लावला.

या साम्यावरून महानुभावमताला 'प्रच्छन्न बौद्ध' म्हणण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. आम्हांस तो मान्य नाही. पालीतील देव हा कालचा मनुष्य असू शकतो आणि उद्याचा पशूही. महानुभाव देवता मात्र कधी जीव नव्हती आणि जीव कधी देवता होणार नाही. तेथे जीव नित्य आहे. सुत्तांत नित्य आत्म्याला जागाच नाही. आणि श्रीकृष्णास परमेश्वराचा अवतार मानणारा पंथ व राम-कृष्णांची उपासना वर्ज्य करणारी दुसरी प्रतिज्ञा यांना एका ओळीत कसे बसवावे? या बाबतीत बौद्धांना अधिक जवळचे कोणी असेल तर ते जैन. वाशीम जिल्ह्यातील (१९९८ पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातील) शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला जाणारा श्रावकही देवगती ही चार गतींपैकी एक मानतो आणि देवाला मोक्षासाठी मनुष्यजन्म घ्यावा लागतो, असे सांगतो. पण नित्य जीव तेथेही आहेच.

रिद्धपुरात पाहण्यासारखे आहेत ते ओटे. जेथे अवतार बसले, निजले, जेवले, तेथे ओटा बांधलेला असतो आणि भाविक त्या स्थानाला नमन करतात. पालीच्या अभ्यासकाला येथे कालिंगबोधि जातकातील तीन चेतियांची आठवण व्हावी : सारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. बुद्धांनी वापरलेली वस्तू वा वृक्ष ते पारिभोगिक, बोधिवृक्ष त्यातलाच. ओट्याला नाव द्यायचे तर हेच द्यावे लागेल. परंतु महानुभावांच्या श्रद्धेत अवताराच्या स्पर्शाने त्या स्थानी शक्ती निक्षिप्त होते. जातकात बोधिवृक्षाला मान आहे तो बुद्धांनी त्याचा आश्रय घेतला म्हणून, त्यांच्या अनुपस्थितीत पूजकांना स्थान असावे म्हणून.

स्पर्शाचा हा धागा धरला की १९२७ सालची अमरावती वेगळ्या प्रकाशात दिसते. त्या वर्षी मार्चमध्ये महाडला पाण्याचा प्रश्न उभा राहिला होता. अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा राहिला. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्यांचे बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्याच वेळी आली. विश्वस्तांशी बोलणी व्हावीत म्हणून सत्याग्रह तूर्त पुढे ढकलण्यात आला.

प्रवेशाला होणाऱ्या विरोधाच्या मुळाशी धर्मकल्पना कोणती होती? मनुष्याच्या स्पर्शाने देवता विटाळते, ही. अवताराच्या स्पर्शाने दगड पूज्य होतो, असे त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर सहाशे वर्षांहून अधिक काळ सांगत होते. आणि ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे म्हणत, त्यांच्या घरी गोविंदप्रभू जात, असे त्यांचे चरित्र नोंदवते. पाली सुत्तांची भूमिका दोहोंहून निराळी. वसलसुत्तात वसल ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे. आणि दासी पुण्णिका, थंडीत नदीत बुडी घेणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक-कासवेही स्वर्गाला जातील ना? स्पर्शाने विटाळ नाही, तशी शुद्धीही नाही. हा तिसरा पक्ष १९२७ च्या वादात अद्याप कोणी मांडला नव्हता. मागणी मंदिरात जाण्याची होती, मंदिर सोडण्याची नव्हे.

त्या चळवळीत पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या प्रबंधाचा विषय. वैदिक देवता कशा घडल्या, कशा बदलल्या, याचा ज्याने ग्रंथांतून माग काढला, त्याला देवळातील देवतेच्या विटाळाची कल्पना सनातन वाटणे शक्यच नव्हते. आमच्या विद्यापीठांतील तौलनिक धर्माभ्यास बहुधा ग्रंथालयातच आटोपतो, म्हणून हे उदाहरण आम्हांस विशेष वाटते. पुढल्याच वर्षी, १९२८ मध्ये, ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय त्यांनी घेतला.