दोन तारा, एक खांब

गेल्या ऊस हंगामातली गोष्ट. शहाद्याला घरूनच काम करतो. आप्पा एकटे असतात म्हणून ऑफिसकडून परवानगी मिळवलेली, तीही 'घरी नेटचा पक्का बॅकअप आहे' असं लिहून देऊन. दोन कंपन्यांची कनेक्शन्स. एक पडलं की राउटर आपोआप दुसऱ्यावर जातो. मागच्या खोलीत वायफाय पोचेना (भिंती दीड फुटी!), तर लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावला. स्वस्तातला रिपीटर मुद्दाम टाळला. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो.

शुक्रवारी रात्री रिलीज होतं. साडेआठला उसाचा ट्रॅक्टर गल्लीतून गेला आणि दोन्ही नेट एकदम गेली. आप्पा बाहेर बघून आले. म्हणाले, "दोन्ही वायरी एकाच खांबावरून आणल्या होत्या का रे?"

बोलती बंद! रिलीज कसंबसं गच्चीवर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर झालं. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की ही चूक फार जुनी आहे.

१८६४ मध्ये इराणच्या आखातात तारेची केबल टाकली आणि १८६५ पासून भारत-लंडन तार सुरू झाली. पुढचा रस्ता तुर्की साम्राज्यातून. तिथल्या कारकुनांना इंग्रजी येत नसे; तारा पोचायला कित्येक दिवस लागत आणि मजकुराचा पार भुगा होई. म्हणून सीमेन्स बंधूंनी प्रशिया, रशिया, तेहरान अशी वेगळी लाईन बांधली. ती जानेवारी १८७० मध्ये सुरू झाली. झाले दोन रस्ते? पण भारताकडे येताना दोन्ही त्याच आखाती केबलला मिळायचे. म्हणजे आमचाच खांब!

खरा दुसरा रस्ता त्याच वर्षी आला. 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि जून १८७० पर्यंत मुंबई तांबड्या समुद्रामार्गे लंडनला जोडली गेली.

शहाणपण टिकतं थोडंच. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. कंपन्या वेगळ्या, केबल वेगळ्या, पण समुद्राची पट्टी तीच. भारताची पश्चिमेकडची निम्म्याच्या आसपास बँडविड्थ गेली आणि आयटीवाल्यांची धांदल उडाली.

म्हणजे बिलं दोन आली म्हणून रस्ते दोन होत नाहीत. मी आता एक तार मागच्या गल्लीतून घेतलीय, शिवाय राउटरला सिम. टॉवरच्या मागची फायबर कुठून येते, ते मात्र अजून शोधतोय :)

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आता रेशनच्या दुकानातलं मशीन अंगठा घेतं, तेही नेटवरच. नेट गेलं की रांग थांबते आणि मजुरी बुडवून आलेला माणूस ताटकळतो. त्याला गच्चीवर जाऊन हॉटस्पॉट लावता येत नाही.

असो. तुमच्या दोन वायरी कुठल्या खांबावरून येतात, एकदा बाहेर जाऊन बघाच.